प्रवासात रात्रीचे फोटो: फ्लॅश कधी, किती आणि कुठून मारायचा

कॅमेरा ऑटोवर ठेवून रात्री बाहेर कुणाचा फोटो काढला की हमखास एकच प्रकार होतो, चेहरा पांढराफटक, मागे सगळं काळंकुट्ट, आणि ज्या जागेसाठी एवढा प्रवास करून आलो ती जागाच फोटोत नाही. मग लोक म्हणतात फ्लॅश वाईट, फ्लॅशने सगळी मजा जाते, आणि फ्लॅश कायमचा बंद करून टाकतात. मला हे अजिबात पटत नाही. फ्लॅश वाईट नसतो, त्याला सगळं काम एकट्याने करायला लावलं की तसं होतं.

खरी गोष्ट एवढीच आहे की रात्री फ्लॅश मारून काढलेल्या एका फोटोत दोन फोटो असतात. एक जागेचा, म्हणजे दिवे, आकाश, मागची गर्दी, आणि हा ठरतो शटर किती वेळ उघडं आहे त्यावर. दुसरा जवळच्या माणसाचा, आणि हा ठरतो फ्लॅशवर. फ्लॅशचा झगमगाट साधारण एक हजारांश सेकंदात किंवा त्याच्याही आत संपतो, त्यामुळे शटर १/२०० सेकंद ठेवा नाहीतर १/१०, माणसावर पडणारा फ्लॅशचा उजेड तेवढाच राहतो, बदलतो तो मागचा उजेड. अॅपर्चर (लेन्सचं भोक, एफ/४ सारखा आकडा, आकडा लहान तेवढं भोक मोठं) आणि आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) मात्र दोन्हीवर परिणाम करतात. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे, म्हणून याच्यापुढे वाचायच्या आधी घरात टीव्हीसमोर कुणालातरी बसवून शटर १/१२५, १/३०, १/८ असं बदलत तीन फोटो काढून बघा, फ्लॅश तोच ठेवून. माणूस तसाच राहील आणि मागची खोली हळूहळू उजळत जाईल.

बॅगेत काय घ्यायचं

फार काही नाही. मॅन्युअल मोड असलेला कुठलाही कॅमेरा, १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत येते ती) चालेल, ३५ किंवा ५० मिलिमीटर एफ/१.८ असेल तर उत्तम. वरून लावायचा एक साधा स्पीडलाइट, म्हणजे सुटा फ्लॅश, महागडा नको, मॅन्युअल पॉवर बदलता आली की झालं. एए सेल रिचार्जेबल घ्या, निकेल मेटल हायड्राइडवाले, कारण साध्या अल्कलाइन सेलवर दोन फ्लॅशमधला वेळ लवकरच वाढायला लागतो आणि नेमका हवा तो क्षण निघून जातो. छोटा ट्रायपॉड. नारंगी जिलेटीन पेपरचा तुकडा आणि रबर बँड, याचं काम पुढे सांगतो, पण ही दहा-वीस रुपयांची गोष्ट तुमच्या फोटोत सगळ्यात जास्त फरक पाडणार आहे. एक सुती फडकं. विमानाने जात असाल तर लिथियमच्या जास्तीच्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच ठेवाव्या लागतात, चेक-इनमध्ये चालत नाहीत.

कॅमेऱ्यात वरच उघडणारा पॉपअप फ्लॅश असेल तर त्यानेही सुरुवात करता येते, फक्त लेन्सचं हूड काढून ठेवा नाहीतर फोटोच्या खालच्या बाजूला अर्धगोल सावली येते.

फ्लॅश कुठपर्यंत पोचतो

फ्लॅशच्या खोक्यावर गाइड नंबर लिहिलेला असतो. तो आयएसओ १०० साठी मीटरमध्ये असतो, आणि त्याला अॅपर्चरने भागलं की अंतर मिळतं. गाइड नंबर ३६, अॅपर्चर एफ/४, म्हणजे ९ मीटर. आयएसओ चौपट केला की अंतर दुप्पट, म्हणजे आयएसओ ४०० ला १८ मीटर. पॉवर एक चतुर्थांश केली की अंतर निम्मं. पॉपअप फ्लॅशचा नंबर साधारण १० च्या आसपास असतो, म्हणजे एफ/४ आणि आयएसओ १०० ला जेमतेम अडीच मीटर. स्टेडियममध्ये वरच्या स्टँडमधून हजारो लोक फ्लॅश मारत असतात, त्यातला एकही मैदानापर्यंत पोचत नाही, पुढच्या माणसाचं डोकं तेवढं उजळतं.

आणि अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा नाही, चौथाई होतो. माणूस २ मीटरवर आणि मागची भिंत ८ मीटरवर असेल तर भिंतीला सोळावा हिस्सा उजेड मिळतो, म्हणजे चार स्टॉप कमी (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). ऑटोवर मागचं काळं का येतं त्याचं कारण हेच.

एक अख्खी रात्र: गोव्यातला नरकासुर

नुसते नियम वाचून हात बसत नाही म्हणून मी एक प्रत्यक्ष ठिकाण घेऊन सांगतो. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री गोव्यात पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा, कुठेही गेलात तरी रस्त्यारस्त्यावर नरकासुराचे पुतळे उभे असतात. वाड्यावरची पोरं कित्येक दिवस आधीपासून कागद, गवत, बांबू-लोखंडाचा सांगाडा घेऊन ते बनवत असतात, काही पुतळे दोन मजली घराएवढे, डोळ्यांत दिवे, मान हलणारी, समोर छोटासा कृष्ण, आणि आवाज एवढा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. पहाटे ते जाळतात. फ्लॅश शिकायला यापेक्षा चांगली जागा मला तरी माहीत नाही, कारण इथे दोन्ही फोटो एकाच वेळी लागतात, पुतळा उंच आणि लांब आहे, तिथे फ्लॅश पोचणार नाही, पण त्याच्यावर स्वतःचे दिवे आहेत. आणि समोर नाचणारी पोरं जवळ आहेत पण अंधारात आहेत.

पहिली पायरी, फ्लॅश बंद. खरंच बंद. मोड मॅन्युअल, आयएसओ ८००, अॅपर्चर एफ/४, शटर १/१५, लेन्स १८ ते २४ च्या मध्ये. पुतळ्याचा फोटो काढा आणि स्क्रीनवर बघा. आपल्याला पुतळा नेहमीपेक्षा थोडा गडद हवाय, साधारण एक स्टॉप कमी, म्हणजे रात्र रात्रीसारखी दिसेल आणि दिव्यांचे रंग फाटणार नाहीत. जास्त उजळ आला तर शटर १/३० करा, फारच काळा आला तर १/८. पुढची पोरं काळ्या आकृत्या दिसतील, दिसू देत. रात्री काळोखात स्क्रीन आहे त्यापेक्षा उजळ वाटते म्हणून नुसत्या डोळ्यावर विश्वास ठेवू नका, हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघा, आणि फोटो रॉमध्ये (नंतर उजेड-रंग सुधारता येतो त्या फाइलमध्ये) काढा.

दुसरी पायरी, आता फ्लॅश चालू, मॅन्युअलवर १/६४ पॉवर, आणि समोर २ मीटरवरच्या माणसावर एक फोटो. चेहरा जास्त पांढरा झाला तर १/१२८, काळा राहिला तर १/३२. बाकी कशालाही हात लावायचा नाही, मागचं आपण आधीच ठरवलंय. टीटीएल, म्हणजे लेन्समधून उजेड मोजून पॉवर स्वतः ठरवणारा, फ्लॅश असेल तर फ्लॅश कॉम्पेन्सेशन (कमी-जास्तचं सेटिंग) उणे एक ठेवून सुरू करा, पण गर्दीत कधी काळा शर्ट समोर येतो कधी पांढरा, टीटीएल दरवेळी वेगळं ठरवतो, म्हणून अंतर साधारण तेवढंच राहत असेल तर मला मॅन्युअलच बरा वाटतो. अंतर बदललं की पायाने पुढे-मागे व्हा.

तिसरी पायरी, रंग. फ्लॅशचा उजेड दुपारच्या उन्हासारखा, साधारण ५५०० केल्विन (आकडा कमी तेवढा उजेड पिवळा). रस्त्यावरचे पिवळे बल्ब ३००० च्या आसपास, जुने सोडियमचे दिवे तर २००० च्या जवळ. म्हणून फोटोत माणूस निळसर पांढरा आणि मागचं सगळं केशरी येतं, दोन वेगळ्या फोटोंमधून कापून चिकटवल्यासारखं. तो नारंगी जिलेटीन पेपर फ्लॅशच्या तोंडावर रबर बँडने लावा आणि व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याचं रंगाचं सेटिंग) टंगस्टनवर, म्हणजे ३२०० च्या आसपास ठेवा. आता माणूस त्याच उजेडात उभा असल्यासारखा दिसतो. कागदाने थोडा उजेड खाल्ला जातो म्हणून पॉवर एक पायरी वाढवा. दुकानातला कागद किती गडद आहे ते प्रत्येक वेळी वेगळं असतं, फार लाल वाटला तर फिकट रंगाचा घ्या.

चौथी पायरी, रियर कर्टन सिंक. हे मेनूमध्ये कुठेतरी दडलेलं असतं, शोधून चालू करा. साध्या सेटिंगला फ्लॅश शटर उघडताच उडतो, म्हणजे नाचणारा मुलगा आधी स्थिर टिपला जातो आणि मग उरलेल्या वेळात त्याच्या हालचालीचा माग त्याच्या पुढे पसरतो, उलटा नाचल्यासारखा. रियर कर्टनला फ्लॅश शेवटी उडतो, माग मागे राहतो आणि मुलगा पुढे, स्वच्छ. १/१५ किंवा १/८ ला ढोल वाजवणाऱ्याच्या टिपऱ्या बघा, हात धूसर आणि चेहरा एकदम धारदार. डोळ्यातली चमकसुद्धा दिसते. हा फोटो नुसत्या जास्त आयएसओने कधीच मिळत नाही, त्यासाठी फ्लॅशच लागतो, आणि म्हणूनच फ्लॅश बंदच ठेवा म्हणणाऱ्यांशी मी भांडतो.

फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून डाव्या हातात धरता आला तर अजून मजा. स्वस्तातला रेडिओ ट्रिगर (बिनतारी फ्लॅश उडवणारा) मिळतो किंवा वायर मिळते. हात वर आणि बाजूला, चेहऱ्याच्या साधारण पंचेचाळीस अंशात. नाक-गालाला आकार येतो, लाल डोळे होत नाहीत, आणि फटाक्यांचा धूर, धूळ यांचे पांढरे ठिपके समोर येत नाहीत, कारण ते ठिपके लेन्सच्या अगदी शेजारून मारलेल्या फ्लॅशमुळेच जास्त येतात. धूर खूपच असेल तर काही वेळ फ्लॅश बंदच ठेवा.

फोकसचं सांगायचं राहिलं. अंधारात कॅमेरा फोकस शोधत मागे-पुढे घुटमळतो आणि तेवढ्यात सगळं निघून जातं. जिथे उजेड आणि अंधाराची कड आहे तिथे फोकस पॉइंट ठेवा, शर्टाची कॉलर, केसांची कड. नाहीतर २ मीटरवरच्या कुणावर तरी एकदा फोकस करून मॅन्युअलवर टाका, १८ मिलिमीटरला एफ/५.६ केलं की बऱ्यापैकी पुढे-मागे चालून जातं, फक्त अॅपर्चर एक स्टॉप कमी झाला म्हणून आयएसओ १६०० करा.

आणि माणसांशी बोला. आवाजात बोलणं होत नाही तर कॅमेरा दाखवून मानेने विचारा, फोटो काढल्यावर स्क्रीन दाखवा, पोरं स्वतःच पुढच्या फोटोसाठी जागा करून देतात. लहान बाळाच्या तोंडावर जवळून फ्लॅश नको, आणि गाडी चालवणाऱ्याच्या दिशेने तर कधीच नको.

पहाटे जाळायची वेळ आली की फ्लॅश काढून बॅगेत टाका. आग स्वतःच एवढा उजेड देते की फ्लॅशने फक्त धूर पांढरा होतो. शटर १/२५० च्या आसपास, आयएसओ ८००, आणि ज्वाळा पांढऱ्या पडत नाहीत ना तेवढं बघत राहा. पुतळ्यात फटाके भरलेले असतात, लांब उभे राहा. ती रात्र अमावास्येच्या तोंडावरची असल्यामुळे चंद्राचा उजेड नसतोच, पहाटे बारीक कोर उगवते तेवढीच, तेव्हा मागच्या आकाशाकडून काही अपेक्षा ठेवू नका. मग कुणीतरी ओळखीचं असेल तर फोव, म्हणजे पोहे, खायला जा, गोव्यातल्या दिवाळीच्या सकाळचे फोव चुकवू नयेत.

समुद्रावर, ट्रायपॉड आणि फ्लॅश एकत्र

तिथून वर कोकणात आलात की मालवणला थांबा. किनाऱ्यावरून समोर सिंधुदुर्ग किल्ला दिसतो, १६६४ ते १६६७ मध्ये शिवाजी महाराजांनी बांधून घेतलेला, आणि सूर्य त्याच्याच बाजूला मावळतो. सगळे लोक सूर्य बुडाला की निघून जातात, खरी वेळ त्यानंतर सुरू होते. सूर्यास्तानंतर साधारण वीस ते चाळीस मिनिटं आकाश गडद निळं असतं आणि आकाशाचा नि दिव्यांचा उजेड जवळजवळ सारखा होतो. म्हणून नेहमी अंधार पडायच्या आधी पोचा, जागा दिवसाउजेडी शोधा. काळंभोर आकाश फोटोत नुसती रिकामी जागा असते.

वाळूत ओढून ठेवलेली एखादी होडी पुढे घ्या, मालक आसपास असेल तर विचारून. ट्रायपॉडचे पाय वाळूत दाबून बसवा, लाटेच्या ओल्या पट्ट्यात नको, तिथे पायाखालची वाळू सरकते. लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर चालू, आयएसओ २००, एफ/८. आधी किल्ला आणि आकाश बघून शटर ठरवा, सुरुवातीला २ सेकंद, अंधार वाढेल तसे १०, मग २०. होडी काळी येईल. आता फ्लॅश हातात घ्या, पॉवर १/४, नारंगी कागद लावा, टायमर दाबून पटकन होडीच्या बाजूला ३ मीटरवर जा, आणि शटर उघडं असतानाच फ्लॅशवरचं टेस्ट बटण दाबा. एकदा पुढच्या टोकाकडून, एकदा मागून, एकदा आतल्या फळ्यांवर. गडद कपडे घाला, कॅमेरा आणि होडी यांच्या मध्ये येऊ नका, फ्लॅशचं तोंड लेन्सकडे करू नका, एवढं पाळलं तर तुम्ही फोटोत दिसत नाही.

इथे व्हाइट बॅलन्स टंगस्टनवर ठेवला की काय होतं बघा. आधीच निळं असलेलं आकाश अजून खोल निळं होतं, आणि नारंगी कागदातून आलेला उजेड होडीवर अगदी नैसर्गिक दिसतो, लाकडाच्या रेषा, सोलवटलेला रंग, दोरीचे पीळ सगळं बाजूच्या उजेडात उठून येतं. २० सेकंदात लाटा धुक्यासारख्या होतात. एकाच फोटोत सगळं जमायला वेळ लागतो, जागा बदलून मारत राहा, कुठल्या बाजूने मारलं की सावली कुठे पडते ते हातालाच कळायला लागतं.

एसी खोलीतून किंवा एसी गाडीतून थेट किनाऱ्यावर गेलात तर लेन्सवर बाष्प धरतं. बॅग बंद ठेवूनच अर्धा तास बाहेर राहू द्या. आणि परत आल्यावर ओलसर सुती फडक्याने ट्रायपॉड नि कॅमेऱ्याची बॉडी पुसा, खारं पाणी सांध्यात बसलं की पाय अडकायला लागतात.

शहरात

मुंबईत सीएसएमटीसमोर गाड्यांच्या दिव्यांच्या रेषा काढायला फ्लॅशचं काही काम नाही. १८८८ ची ही इमारत स्वतःच रंगीत दिव्यांत उजळलेली असते, एफ/११, आयएसओ १००, ८ ते १० सेकंद, सिग्नल सुटला की शटर दाबा, बेस्टची डबलडेकर बस गेली की वरच्या मजल्याच्या दिव्यांची रेषाही मिळते. लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन बंद ठेवा, नाहीतर दर फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ अडून बसतो. गर्दीच्या जागी ट्रायपॉडला हरकत घेतली जाते, वाद घालू नका, कॅमेरा कठड्यावर बॅगेचा आधार देऊन ठेवा.

चांदण्यांसाठी ५०० भागिले फोकल लेन्थ (लेन्सचा मिलिमीटरचा आकडा) एवढे सेकंद हा अंदाज, एपीएस-सी, म्हणजे छोट्या सेन्सरचा, कॅमेरा असेल तर फोकल लेन्थ आधी दीडने गुणून. १८ मिलिमीटरला साधारण १८ सेकंद, त्यापुढे चांदण्या ठिपक्याऐवजी रेघा व्हायला लागतात.

जिथे फ्लॅश बंद म्हणजे बंद

अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅशला मनाई आहे. तिथे एफ/१.८ ची लेन्स आणि जास्त आयएसओ, दुसरा मार्ग नाही. कोकणातल्या वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात तेव्हा फ्लॅश नाही, टॉर्चही नाही, ती उजेडाच्या अंदाजानेच पाण्याकडे जातात. पावसाच्या तोंडावर, मेअखेर-जूनमध्ये, भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची भागात काजवे बघायला गर्दी होते, त्यांची लुकलुक म्हणजे जोडीदाराला बोलावणं असतं आणि फ्लॅशने ते बिघडतं. ट्रायपॉडवर कॅमेरा न हलवता २०-३० सेकंदांचे बरेच फोटो काढा आणि घरी फोटो एडिटरच्या लाइटन मोडमध्ये (जास्त उजळ भाग राहतो तो) एकावर एक ठेवा. मोबाइलची स्क्रीनसुद्धा झाकून ठेवा, इतर लोकही तिथे अंधारच बघायला आलेले असतात.

देवळाच्या गाभाऱ्यात आधी विचारा, बऱ्याच ठिकाणी कॅमेराच चालत नाही.

दशावताराचं, म्हणजे कोकणातल्या लोकनाट्याचं, मला विशेष सांगायचंय. सिंधुदुर्गात जत्रांच्या दिवसांत रात्री उशिरा खेळ सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो, समोर गावातली म्हातारी माणसं, मांडीवर झोपलेली पोरं. त्यात संकासूर (दशावतारातला असुर) नाचत असताना पहिल्या रांगेतून कुणीतरी फ्लॅश मारत राहतो तेव्हा खूप वाईट वाटतं, नटाचे डोळे दिपतात आणि मागच्या सगळ्यांचा रसभंग होतो. रंगमंचावर पुरेसा उजेड असतो. एफ/१.८ किंवा एफ/२, आयएसओ १६०० ते ३२००, आणि शटर १/१०० किंवा १/५०, उगाच १/३२० वगैरे नको, कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि जलद शटरला फोटोत काळे-पिवळे पट्टे येतात. १/१०० ला पट्टे जवळजवळ जातात. नट संवाद म्हणताना क्षणभर थांबतो तेव्हा दाबा, हात हलत असला तरी चेहरा स्थिर मिळतो. खेळाआधी रंगपटात तोंडाला रंग लावत बसलेल्या कलाकारांचे फोटो काढायचे असतील तर खेळ सुरू व्हायच्या बऱ्याच आधी जा, परवानगी घ्या, आणि तिथेही एखाद्या बल्बच्या उजेडातच काढा, आरशाशेजारी उभे राहिलात तर तोच बल्ब चेहऱ्यावर बाजूने पडतो.

मोबाइलवर

मोबाइलचा एलईडी म्हणजे फ्लॅश नाही, टॉर्च आहे, तो हालचाल गोठवत नाही. नाइट मोडमध्ये फोन कठड्याला टेकवून ठेवा आणि मित्राला त्याच्या फोनचा टॉर्च चालू करून बाजूला उभं करा, टॉर्चवर पांढरा रुमाल धरा, आणि चेहऱ्यापासून हातभर अंतरावरून वर-खाली करून बघा. प्रो मोड असेल तर आयएसओ ४००, शटर १/८ पासून सुरू करा, ज्याचा फोटो आहे त्याला तेवढा वेळ श्वास रोखून उभं राहायला सांगा. फोनच्या कॅमेऱ्याची काच आधी पुसा, तिच्यावरच्या तेलकट बोटांच्या ठशांमुळेच रात्रीच्या दिव्यांभोवती ते लांब फराटे येतात.